मला वाचा फुटल्याची खरी हकीकत

तीर्थरूप दादास,

पोशीरच्या आनंदीचा खाली वाकून नमस्कार. वहिनीला माझी आठवण सांग. तुझी कंबर कशी आहे ते विचारत नाही, कारण तू ‘बरी आहे’ म्हणणार आणि मनोज मला खरं ते सांगणार. मी इथे खुशाल आहे. जीभ शाबूत आहे, आणि सांगायचं ते हेच की ती कधी गेलीच नव्हती. म्हणून आधी एक काम कर. वहिनीला इथे आणायला शुक्रवारसाठी जी गाडी सांगितली आहेस ती नको म्हणून कळव, मग चहा घे, मग पुढचं वाच. (फोनवर सांगितलं असतं, पण माझ्याजवळ फोन नाही, इथला फोन ऑफिसात आहे आणि ऑफिसात सगळे कान टवकारून बसलेले असतात. पत्र मनोजच्या हाती देते आहे. त्याच्यावर ओरडू नकोस, निम्मा गुन्हा माझा आहे.)

तू मला म्हणालास, खालापूरजवळचा तो वृद्धाश्रम बघून ये, तुझी नजर बारीक आहे, वहिनीला ठेवण्यासारखा आहे का ते सांग. आता बघायला म्हणून गेलं की काय दाखवतात ते तुला ठाऊक आहे. बाग दाखवतात, झोपाळा दाखवतात, बशीसकट चहा देतात आणि कोणा तरी म्हातारीला पुढे करून भजन म्हणायला लावतात. पण वहिनी काही पाहुणी म्हणून जाणार नाही. अर्धांगाने तिचं बोलणं गेलं, तहान लागली तरी तिला सांगता येत नाही. न बोलणाऱ्या माणसाला इथे कसं वागवतात ते न बोलणाऱ्यालाच कळणार. तेव्हा मी मनोजला म्हटलं, मी मुकी होऊन आठवडाभर राहते. तो ‘आत्या, तू?’ म्हणाला आणि इतका हसला की कर्जतच्या पुलावर त्याला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. (मी रागावले नाही. नंतर रागावले.) तुला सांगितलं तर जाऊ देणार नाहीस म्हणून तुझ्यापासूनही लपवलं. आश्रमात त्याने सांगितलं, आत्याला झटका आला, वाचा गेली, उजवा हात लुळा आहे. डॉक्टरांचे कागद मागाहून आणतो म्हणाला, आणि त्यांनी ‘आणा सावकाश’ म्हणून मला आत घेतलं. मुकी झाले त्याच घडीला मला बोलावंसं वाटलं होतं, की अरे, कागद तरी बघा!

दादा, मुकं राहणं फार जड. जेवणात मीठ कमी होतं ते सोड. पण पाण्याचा पेला ठेवायचे उजव्या अंगाला, म्हणजे जो हात चालत नाही त्याच बाजूला. मी पेल्याकडे बघायची, पेला माझ्याकडे बघायचा. बोलावायची घंटा भिंतीवर, उंच, देवळातल्यासारखी. आणि सगळे माझ्याशी मोठ्यांदा बोलायचे, जसं काही जिभेबरोबर कानही गेले. माझ्या डोक्यावर उभं राहून दोघीजणी एकमेकींना म्हणाल्या, ‘ही म्हातारी बरी हाय, शांत हाय, तिचा काय त्रास नाय.’ मला शांत म्हणणारी माणसं मला या वयात भेटली, आणि त्यांना उलट उत्तर देता येईना! व्यवस्थापक साईनाथ रोज सकाळी दारात यायचा. ‘कशा आहात आजी? मजेत ना? छान!’ एवढं सगळं एकटाच बोलून पुढच्या दाराकडे जायचा.

पण खोटं सांगणार नाही, आमच्या खोलीचं बघणारी तेजश्री नावाची मुलगी आहे, तिच्या हाताला माया आहे. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघते, पडदा ओढल्याशिवाय कपड्याला हात लावत नाही, आणि केस असे विंचरते की आई गेल्यापासून मला कोणी असं विंचरलं नव्हतं. खोड एकच. फोन. तो तिच्या कान आणि खांद्याच्या मधे चिकटलेलाच. बहिणीच्या लग्नाचा हॉल कुठे घ्यायचा यावर घरात भांडण चाललं होतं आणि ते सगळं भांडण माझ्या वेणीतून गेलं.

आता मुख्य प्रसंग. माझ्या शेजारच्या खाटेवर कोंडीबाई. वय झालंय, मनाशी पुटपुटते, विचारलेलं समजतं की नाही कळत नाही. तिचा रक्तदाब सारखा उतरतो, आदल्याच दिवशी मोरीच्या दारात भोवळ येऊन पडली होती. त्या सकाळी तेजश्रीने माझ्या तोंडात दोन मोठ्या पांढऱ्या गोळ्या घातल्या. माझी रक्तदाब उतरवायची गोळी लहान, गुलाबी. आणि या पांढऱ्या मी ओळखते, आमच्या ह्यांना शेवटपर्यंत मीच देत होते, साखरेच्या आजाराच्या. मी त्या गालात दाबून धरल्या. बघते तर माझी गुलाबी गोळी कोंडीबाईच्या वाटीत! अदलाबदल झाली होती, आणि पोरगी फोनवर हॉलवाल्याशी बोलत होती.

मी मान हलवली. ती म्हणाली, ‘आजी, नखरे नाय करायचे.’ मी डावा हात हलवून वाटी दाखवली. तिने तो हात धरला आणि चादरीत खोचला. ‘गप गं माझी बाय.’ दादा, तिने हिसका दिला असता तर मला एवढी भीती वाटली नसती. इतक्या मायेने तिने मला गप्प केलं. मी हात सोडवून पेला पाडला. तिने न रागावता पाणी पुसलं आणि कोंडीबाईकडे वळली. कोंडीबाईने पाखराच्या पिलासारखं तोंड उघडलं. खरं सांगते, त्या क्षणीही मनात आलं की थांबावं, सिस्टर बघते का, कोणी पकडतं का ते बघावं, मी परीक्षा घ्यायलाच तर आले होते. मग गोळी कोंडीबाईच्या ओठाला लागलेली दिसली आणि मी ओरडले, ‘थांब गं भवाने, ती माझी गोळी हाय!’

पांढऱ्या गोळ्या माझ्या तोंडातून उडून तेजश्रीच्या पाठीवर बसल्या. गुलाबी गोळी जमिनीवर पडली. फोन बादलीत पडला. (हॉल त्यामुळे हातचा गेला असं ऐकते.) पण त्या पोरीने पुढे काय केलं ते नीट वाच. बादलीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. कोंडीबाईच्या तोंडात बोट घालून आधी बघितलं काही गेलंय का. सिस्टरला हाक मारली, रक्तदाब मोजायला लावलं, आणि ठीक आहे म्हटल्यावर कोंडीबाईचे पाय धरून रडत बसली. मुकी बाई बोलली हे तिच्या ध्यानात आलं त्यानंतर.

साईनाथच्या मात्र तेच आधी ध्यानात आलं. धावत आला, छताकडे बघून हात जोडले आणि खिशातून मोबाईल काढला. तू जो व्हिडिओ बघितलास तो हाच. त्यात मी हात हलवून काहीतरी बोलते आहे आणि वरून बासरी वाजते आहे, खाली लिहिलंय, ‘आमच्या प्रेमळ सेवेने आजींना वाचा फुटली’. बासरी काढली तर ऐकू येईल, मी म्हणते आहे, ‘मेल्या, आधी गोळ्यांचं बघ!’ मुकी होते तेव्हा कोणी ऐकलं नाही, आणि बोलले तर वर बासरी. मनोज सांगतो की तू तो व्हिडिओ वहिनीला पुन्हा पुन्हा दाखवलास आणि तिचं जरीचं लुगडं उन्हात टाकलंस. ते ऐकून मला जेवण गेलं नाही रे.

मी साईनाथला म्हटलं, तो व्हिडिओ काढून टाक. तो म्हणाला, ‘आजी, चांगल्या कामाचं नावच होतंय ना!’ रविवारी खोपोलीहून हर्षला नावाची बाई आली, वडिलांना घेऊन. त्यांचीही वाचा गेलेली. आल्या आल्या ती माझ्या पाया पडली. म्हणाली, ‘आजी, तुम्हाला काय दिलं इथे? बाबांनी एकदा नावाने हाक मारली तरी पुरे.’ साईनाथ मागे उभा राहून मला डोळ्यांनी खुणावत होता. मी तिला जवळ बसवलं आणि सांगितलं, ‘बाय, मी मुकी नव्हतेच. सोंग केलं होतं.’ तिचा चेहरा असा उतरला की बघवेना. साईनाथ लगेच म्हणाला, आजींच्या डोक्यावरही परिणाम झालाय. (म्हणजे मुकीची वेडी झाले.) तेवढ्यात दारातून तेजश्री बोलली, ‘आजी खरं सांगतात. गोळी माज्या हातून चुकली.’ नोकरी जायची भीती होती तिला, तरी बोलली.

मला वाटलं हर्षला उठून जाईल. ती तेजश्रीला म्हणाली, ‘बाबांना चार घास भरवून दाखव.’ तेजश्रीने भरवले. फोन नव्हता. प्रत्येक घास गिळून होईपर्यंत थांबत होती. हर्षला बघत राहिली, मग साईनाथला म्हणाली, ‘हिला काढलंत असं कळलं तर सगळीकडे सांगेन. आणि मी पुन्हा येईन, न सांगता.’ वडिलांना घेऊन परत गेली. संध्याकाळी साईनाथने व्हिडिओ काढून टाकला.

तेव्हापासून गोळी देताना नाव मोठ्याने घेतात आणि सिस्टर शेजारी उभी राहते. मी गेल्यावर हे टिकेल का, सांगता येत नाही. हात चांगले आहेत, ऑफिस वाईट आहे. ठेवू नये असं छातीठोक म्हणवत नाही, ठेव असंही म्हणवत नाही.

तुझी धाकटी,
आनंदी

ता. क. मी बोलायला लागल्यापासून तेजश्री मला भिते. वेणी माझी मीच घालते. एवढं एक नुकसान झालं.

ता. क. दुसरा. साईनाथने मला शनिवारी बोळवायचं ठरवलंय. मी महिनाभर राहते म्हणून सांगितलंय. पोशीरला कळव.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहिलं ते यासाठी. दादा, हे सगळं वहिनीला मोठ्याने वाचून दाखव. तिला बोलता येणार नाही, इथे कोणीही तिला बोलतं करणार नाही, हेही वाच, गाळू नकोस. तिला कुठे ठेवायचं हे तू, मी आणि मनोज तिच्या उशाशी उभे राहून ठरवत होतो, तिला कोणी विचारलंच नाही. आता विचार. मग गप्प बस. उत्तर यायला वेळ लागेल, पदर ओढेल, तोंड फिरवेल, काहीतरी करेलच. जे करेल तेच ठरलं.

वहिनी, हा मधे बोलला तर डाव्या हाताने एक ठेवून दे त्याला.