तिसऱ्यांदा तापवलेली वीट

आये,

काल संध्याकाळी कामावरून आलो, बूट काढले, तर उजव्या मोज्याच्या टाचेवर रुपयाएवढा रक्ताचा डाग. बुटात हात घातला तेव्हा बोटाला एक खिळा टोचला, टाचेच्या चामड्यातून वर आलेला, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. बोटाला जे लगेच कळलं ते पायाला दिवसभर कळलं नव्हतं. पॅकिंगच्या टेबलापासून गेटपर्यंत कितीतरी फेऱ्या मी त्या खिळ्यावरून मारल्या होत्या, दुपारी उभ्यानंच डबा खाल्ला होता, कोणाच्या तरी विनोदावर हसलोही होतो. तुझा आजार मला लागून चार वर्षं झाली, आये. म्हणून हा खिळा साधा नाही हे मला ठाऊक आहे. आज रविवार. सकाळी चर्चमध्ये मिस्साला लंगडत नाही तर नीट चालत गेलो, कारण दुखतच नाही, आणि नीट चालता येतंय याचीच जास्त भीती वाटली. इस्पितळातला साखरेचा विभाग उद्या उघडेल. तोवर काय करायचं सुचेना, म्हणून तुला लिहायला बसलो.

मी पाय गमावेन, अशी भीती वाटते. सरळ लिहिलेलं बरं.

तुझे पाय मला अजून दिसतात. मरोळहून अंधेरीच्या बाजारापर्यंत डोक्यावर दुधी-पडवळाची टोपली घेऊन अनवाणी जायचीस, तापल्या डांबरावरून सुद्धा. गावठाणात कोणाच्या पोराच्या पायात काटा मोडला आणि ते रडायला लागलं, की बायका म्हणायच्या, त्या म्हातारीचे पाय बघ, रडतात काय कधी? मग एका पावसाळ्यात तेच पाय जळायला लागले. तू म्हणायचीस, कोणीतरी तळव्यांत मिरच्या वाटून भरल्यात. पाणी तर इतकं प्यायचीस की माठ दुपारीच रिकामा. अंधेरीच्या डॉक्टरांनी तुझी लघवी निळ्या औषधात घालून दिव्यावर धरली, आणि ती नळी बघता बघता विटेसारखी लाल झाली. "साखर आहे, बाई," ते म्हणाले. तू त्यांच्याकडे बघून हसलीस. "रेशनवर साखर मिलत नाय, आन् माझ्या आंगात पोतं भरलंय व्हय? मंग थोडी काढून द्या, नेवऱ्या करीन." डॉक्टरही हसले. पण गोळ्या लिहून देताना त्यांनी मला बजावलं, यांच्या पायात चपला घाला, अनवाणी चालू देऊ नका.

मी त्याच दिवशी चपला घेतल्या. चामड्याच्या, मागे पट्टा असलेल्या. तुझ्या आयुष्यातल्या पहिल्या. तू त्या हातात घेऊन वासराच्या कानासारख्या कुरवाळल्यास, आणि घरातल्या देवाच्या आल्ताराखाली, मेणबत्त्यांच्या डब्याशेजारी ठेवून दिल्यास. सप्टेंबरात वांद्र्याच्या जत्रेला गेलो तेव्हा तू मोत माउलीला मेणाचा पाय वाहिलास. इतर बायका मेणाची बाहुली घेत होत्या, घर घेत होत्या, तू दुकानदाराशी घासाघीस न करता तळव्याला भेग नसलेला पाय निवडून घेतलास. नवस असा, की आग जाऊ दे, मग मी पायात कधी काही घालणार नाही.

आणि नाताळाच्या आधी आग गेली. सगळी गेली. तू शेजारच्या चार घरांत जाऊन सांगितलंस, माउलीनं माझी आग ओढून घेतली. मी पण त्या संध्याकाळी रोजरी म्हणताना डोळे पुसले. चपलांचं मी एकदाच बोललो, तर तू म्हणालीस, "माउलीनं बरे केलेले पाय मी चामड्यात कोंबू? तुला लाज नाय वाटत?" मला वाटली, आणि चपला तिथंच राहिल्या. आग का गेली, ते कळायला मला बारा वर्षं लागली. गेल्या साली साखरेच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, की या आजारात आधी पाय जळतात आणि मग मरतात. म्हणजे पाय असतात, पण त्यांची जाणीव मरते. आपण त्याला बरं होणं म्हणालो. माउलीवर माझा राग नाही, तिच्यापुढे मी अजून गुडघे टेकतो. पण तिचं देणं कुठलं आणि आजाराचं कुठलं, हे ओळखता येण्याइतकं शहाणपण ती का देत नाही, असं कधीकधी विचारतो.

मग जानेवारीतली ती सकाळ. माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, घरात तू आणि मी. तुझे पाय थंड पडले होते. "बर्फ झालेत, जरा शेक दे." मी चुलीत वीट तापवली, गोणपाटात गुंडाळली, तुझ्या तळव्यांना लावली. कारखान्यात माझी पहिली पाळी होती, घड्याळाकडे बघत होतो.

"लागतंय का?" मी विचारलं.

"काय नाय लागत. चूल पेटलीय का नुसता धूर केलायस?"

पुन्हा तापवली.

"आता?"

"तुझी बायको बरी शेकते रं. तुला कारखान्यात खोके बांधायलाच ठेवलाय, ते बरोबर हाय."

तिसऱ्यांदा मी वीट निखाऱ्यांत पुरून ठेवली. तुझं बोलणं मला लागलं होतं आणि उशीर होत होता. या वेळी गोणपाटाचा एकच पदर ठेवला. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "हां. आता थोडं थोडं मना समजतंय. जा तू कामाला." मी गेलो.

संध्याकाळी आलो तर दोन्ही तळव्यांना फोड, डावा तर लिंबाएवढा. तू त्यावर हळद आणि खोबरेल लावून वर लुगड्याची चिंधी बांधली होतीस, आणि आठ दिवस बाहेर कोणाला कळू दिलं नाहीस. मला म्हणालीस, उद्या उतरेल. मीही तेच म्हणत राहिलो. नवव्या दिवशी डाव्या पायाला वास यायला लागला, तेव्हा टॅक्सी केली.

त्या इस्पितळाचा तो लांब वॉर्ड अजून माझ्या स्वप्नात येतो. सकाळी ड्रेसिंगवाली सिस्टर ट्रे घेऊन यायची, जखमेतलं काळं मांस कात्रीनं कापायची, औषधात भिजवलेल्या पट्ट्या आत भरायची. तू छताकडे बघत तिला विचारायचीस, तुझं लगीन झालं का गं. पलीकडच्या खाटेवरची बाई सगळ्यांना सांगायची, म्हातारी किती धीराची आहे. आम्हालाही तसंच वाटायचं. दिवसातून दोनदा इन्शुलिनचं, चार वेळा पेनिसिलिनचं इंजेक्शन. आधी दोन बोटं काढली. मग एक्स-रे बघून मोठे डॉक्टर म्हणाले, विष हाडात उतरलंय, गुडघ्याखाली कापावं लागेल. कापल्यावर शुद्धीवर आलीस तेव्हा चादरीखाली हात घालून चाचपलंस आणि मला जवळ बोलावलंस. "मी मेणाचा दिला," तू म्हणालीस, "तिनं खरा मागून घेतला." आणि हसलीस, आये. मला अजून कळत नाही, ते हसू होतं की काय होतं. पंधरा दिवसांनी ताप आला आणि तू गेलीस.

माझे तळवे कधी जळलेच नाहीत. पहिल्यांदा तपासले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगितलं, आणि म्हणाल्या, सुई टोचली की हो म्हणा. मला तुझी आठवण आली. थोड्या थोड्या वेळानं मी आपला "हो" म्हणत राहिलो. पाचव्या 'हो'ला त्या म्हणाल्या, "काका, मी अजून सुई उचललेली पण नाही." मग त्यांनी शिकवलं. रोज आरसा खाली धरून तळवे बघायचे. आंघोळीचं पाणी कोपरानं बघायचं, पायानं नाही. शेक कधीच घ्यायचा नाही. पायाचं कुरूप ब्लेडनं कापायचं नाही. घरातही अनवाणी चालायचं नाही. आणि चिठ्ठी देऊन एका कारागिराकडे पाठवलं, तो मऊ काळ्या रबराच्या चपला करून देतो. महारोग्यांसाठी करतो, त्यांचेही पाय असेच मुके असतात. त्यानं कागदावर माझे पाय आखून घेतले, फार मायेनं. पण त्या चपला रस्त्यावर सगळे ओळखतात. कारखान्याच्या गेटवर कोणी विचारलं, हे काय रे, तुला पण तोच रोग? तर मी काय सांगणार होतो? म्हणून मी कंपनीचे बूटच घालत राहिलो, आणि चपला घरी ठेवल्या. कुठं ठेवल्या ते तू ओळखलं असशील. आल्ताराच्या खाली, मेणबत्त्यांच्या डब्याशेजारी. काल रक्ताचा मोजा हातात घेऊन मी त्या काढायला वाकलो, तेव्हा मला समजलं की मी कोणाच्या जागेत हात घालतोय.

बायकोला सकाळी सांगितलं. ती आधी रडली, मग चिडली. "आईंचं सगळं बघून पण तुम्ही असं करता? यंदा जत्रेला मेणाचा पाय वाहायचा." मी म्हणालो, वाहू, पण आधी उद्या इस्पितळात जाऊ. मग मी चपला पुढे केल्या आणि म्हणालो, मला कळत नाही, तू आत हात फिरवून बघ. तिनं बोटं आतून सगळीकडे फिरवली, पट्टे उलटे करून पाहिले. "काय नाही. मऊ आहे. घाला." आत्ता त्या माझ्या पायात आहेत. मऊ असतील.

उद्या डॉक्टरीणबाई विचारतील, हे कसं झालं? तुझ्या वेळी पण डॉक्टरांनी विचारलं होतं, भाजलं कसं? मी खाटेशी उभा होतो. माझ्या काही बोलण्याआधी तू म्हणालीस, "चुलीशी बसले व्हते, झोप लागली." आणि चादरीवरचा माझा उजवा हात तुझ्या मुठीत धरलास, घट्ट, डॉक्टर पुढच्या खाटेकडे जाईपर्यंत. सगळं घर आजवर तेच मानतं, म्हातारी चुलीशी झोपली. तो हात का धरला होतास, ते फक्त तुला आणि मला ठाऊक आहे. त्याच्या पहिल्या बोटावर भाजल्याची खूण होती, आणि ती तू पाहिली होतीस.

हे पत्र चपलांच्या रिकाम्या जागेत ठेवीन. दुसरीकडे कुठं पाठवायचं? उद्या खिळ्याचं खरं सांगेन, बुटांचंही सांगेन. पण एक गोष्ट आधी तुला सांगायला हवी. खिळा मला कळला नाही, आये. वीट कळली होती. तिसऱ्यांदा ठेवताना माझं बोट तिला लागलं, मी ते तोंडात घातलं, आणि तरीही ती तुझ्या पायाशी तशीच ठेवून कामाला गेलो.