रुमालाखालची बोटं

प्रिय आप्पा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली आणि पत्र लिहायला आज सुचतंय. भर दुपारी, हाफ डे टाकून, कामोठ्याच्या घरात एकटी बसलेय. उद्या माझ्या रक्ताचा रिपोर्ट येणार आहे. तुमच्या रक्तात सापडल्या होत्या, त्याच अँटीबॉडीज शोधतायत. आप्पा, मी जाम घाबरलेय हो!

आठवतं, रुमालाखालचा भाव मला कसा शिकवलात? एपीएमसी मार्केटात व्यापार करताना आंब्याच्या पेटीचा भाव तुम्ही कधी तोंडाने बोललाच नाहीत. हातावर रुमाल टाकायचा, समोरच्याने जितकी बोटं दाबली तितका आकडा. घरी टॉवेलखाली माझी बोटं दाबून विचारायचात, "बोल शालू, किती?" मी चुकले की काय हसायचात!

मग तुम्हीच चुकायला लागलात. समोरच्याने तीन बोटं दाबली, तुम्ही दोन समजलात. मी म्हणाले, "आप्पा, पुरे करा आता, वय झालं." मोठी शहाणी मी! तुम्ही वर्षभर अंदाजाने हो-हो करत राहिलात. जिना चढवेना, तेव्हा कुठे बोललात.

का हो लपवलंत? डॉक्टर म्हणाले, शरीराचं रक्षण करायचं सोडून या अँटीबॉडीज तुमच्याच नसांवरचं आवरण खातायत, वायरचं कव्हर गेल्यासारखं झालंय. लवकर आला असतात तर बरंच सावरलं असतं. शेवटी श्वासासाठी घशात नळी घातली, तुमचं बोलणं बंद झालं. मी चादरीखाली तुमची बोटं दाबत होते. तुम्हाला काहीच कळत नव्हतं ना?

गेल्या महिन्यात माझ्या मनूने तोच खेळ मांडला. "मम्मी, किती?" मला काही जाणवलंच नाही. ठोकून दिलं, "दोन." ती टाळ्या पिटत ओरडली, "चार होती, हरलीस!" मी हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

डॉक्टर म्हणतात, हे सहसा वारशाने येत नाही, कारण दुसरंही असेल. पण नवऱ्याला, सुनीलला, मी अवाक्षर बोललेले नाही. तपासणीसाठी रक्त द्यायला गेले, तेव्हा बँकेत जाते म्हणून सांगितलं. शेवटी तुमचीच लेक!

आज सुनील घरी आला की सगळं सांगते. उद्या रिपोर्टला एकटी जाणार नाही. आणि काहीही निघो आप्पा, शब्द देते, जे बोट कळलं नाही ते कळलं असं कुणालाच सांगणार नाही. मनूलासुद्धा.

तुमची घाबरलेली,
शालू