अण्णांच्या फ्लेक्सवरची ओळ

अण्णा, यंदा तुमच्या पुण्यस्मरणाचा फ्लेक्स गावच्या चौकात लावायचा असं आईनं ठरवलं आहे. फोटोखालच्या दोन ओळी मी लिहायच्या आहेत. कडेगावात फ्लेक्सच्या दुकानात मी कंपोजिंग करतो. कॉलेज अर्धवट सुटलं, पण शुद्धलेखन चांगलं म्हणून श्रद्धांजलीचं काम माझ्याकडेच येतं. सुरुवातीला मी ‘काळाने घाला घातला’ असलं काहीतरी टाकायचो. लोक वाचायचे आणि पुढे जायचे. मग सांगलीच्या बाजारात गूळ विकणाऱ्या एकांच्या वर्षश्राद्धाला काही सुचेना, तेव्हा तुमची फौजेतली ट्रंक आठवली. ‘काळी ट्रंक दारात तशीच, उचलणारा आज आला नाही,’ असं लिहिलं. त्यांची बायको वाचता वाचता स्टुलावर बसली. “आमच्यात ट्रंक नव्हती रं बाबा,” म्हणाली, “पर ह्यांच्या चपला डोळ्यापुढं आल्या.” दुःख नुसतं सांगून कुणाला रडू येत नाही, हे मला तेव्हा कळलं. एखादी वस्तू समोर ठेवावी लागते; वाचणारा तिच्या जागी आपली ठेवतो.

तेव्हापासून मी तुमच्या आठवणींतलंच एकेक लोकांना वाटत आलो. बुटाच्या पॉलिशचा वास एका मास्तरांना दिला, रजा संपताना म्हशीच्या पाठीवरून फिरणारा तुमचा हात एका ड्रायव्हरला. आता तुमच्यासाठी लिहायला बसलो, की जे आठवतं ते दुसऱ्याच कुणाच्या फोटोखाली अख्ख्या तालुक्यानं वाचलेलं असतं. मालक हसतात. “दुसऱ्याच्या बापावर धडाधड लिवतोस गड्या, सोताच्या बापाला का अडलास?”

एकच उरलं आहे. तुमच्या शेवटच्या रजेचा शेवटचा दिवस. आई चुलीपुढे पोळ्या लाटते आहे, तुम्ही वर्दीत जेवायला बसला आहात. घास तोंडात आहे, पण गिळला जात नाही. तुम्ही हात धुवायच्या निमित्तानं मागच्या दारी येता, घास कुत्र्याला टाकता, आणि मी तिथेच उभा असतो. “आईला सांगू नको रं. लय मनापासनं केल्यात तिनं.” त्यानंतर तुम्ही आला नाहीत.

त्याची ओळ झाली आहे. वाचून मलाच पहिल्यांदा रडू आलं. ती पुसवत नाही आणि छापता येत नाही, कारण चौकातून येता-जाता आईच ती वाचणार.

काल जेवताना तिनं विचारलं, “तुला त्यांचं कायच आठवत न्हाई व्हय रं?”

“न्हाई,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि भाकरी वाढली. उद्या नुसता फोटो आणि नाव छापेन. तिला माझं खरं वाटलं, याचंच वाईट वाटतं.