अबोल्याचं मौन झालं

३ डिसेंबर

पुरस्कार मिळाला म्हणे. मला! अध्यात्म आणि मनःशांती विभागात, पहिला. अण्णाजी पेढे घेऊनच आले. माझं पुस्तक त्यांनीच छापलं, नावही त्यांनीच दिलं — 'मौनाचा प्रकाश'. गुंजनचे बाबा म्हणाले, "पाया लाग अण्णाजीच्या." नको म्हणता येईना, लागले.

४ डिसेंबर

कसलं मौन? अबोला होता तो! गुंजनला बघायला तळेगावचे पाहुणे आले तेव्हा मी एवढंच म्हटलं — पोरीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होऊ द्या. हे सगळ्यांदेखत ओरडले, "तू तोंड बंद ठेव!"

ठेवलं. लग्न झालं, पोरगी तळेगावला गेली, तरी यांच्याशी एक शब्द नाही. शेजारणींनी विचारलं तर यांनी ठोकून दिलं, "मौन धरलं तिनं." स्वतःची लाज झाकली. मग अण्णाजी भाजी घ्यायला आले. मी यांच्यासाठी पाटीवर लिहून ठेवलं होतं, 'वांग्याला पाणी नाही.' त्यांना त्यात आत्म्याची तहान दिसली. मग पाटीवरचं असलंच सगळं वहीत उतरवून नेऊ लागले, त्याचंच हे पुस्तक.

७ डिसेंबर

आता तर कोणाशीच बोलायची सोय राहिली नाही. मेथीच्या वाफ्यात बसलं तरी कोणीतरी पाया पडायला हजर. विळा लागून बोट कापलं, तर 'आई गं' म्हणायची चोरी.

गुंजनचा फोन आला. "आई, एकदा बोल नं. तुया आवाजासाठी फोन केला." हे शेजारीच बसलेले. हळूच म्हणाले, "समारंभ होऊ दे, मंग बोलजो. लोकं काय म्हणतीन?" मी नुसताच कानाला धरून बसले. शेवटी तिनेच ठेवला.

फार रडले. तेही आवाज न करता.

१० डिसेंबर

पत्रिका आली. 'मौनव्रती मनकर्णाबाई.' खाली — मनोगत : त्यांचे पती.

माझं मनोगत!

१४ डिसेंबर

झाला एकदाचा समारंभ. शाल, श्रीफळ, हार. हे माइक सोडेनात. "ह्या बाईनं मले शांती शिकवली." टाळ्या.

पहिल्या रांगेत गुंजनची सासू, एकटीच. गुंजन कुठे, असं हातानेच विचारलं. "घरी कामं आहेत नं." जाताना पुस्तकावर माझी सही घेतली. "सुनेले देतो," म्हणाली. मी केली सही. छान वळणदार.

१५ डिसेंबर

हे म्हणाले, "नागपूरवाल्यायनं सत्काराले बोलावलं जानेवारीत. अजून थोडं थांबजो."

पाटी उचलली. पुसून कोरीच ठेवली.

१९ डिसेंबर

गुंजनचा फोन. बोलेचना. नुसता श्वास. मागून सासू — "मायचं पुस्तक दिलं नं तुले? वाच, अन् तोंड बंद ठेव."

हे समोरच होते. मी म्हटलं, "गुंजन, बोल. मोठ्यानं बोल. मी ऐकून राह्यली."

घसा पार घोगरा झालाय. हे ताडकन उभे राहिले. मी बोलतच होते.