सहावा ट्रे

२ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! खोली माझ्या जुन्या बिऱ्हाडाच्या दुप्पट, खिडकीतून भरपूर ऊन, पलंगावर धुतलेली चादर आणि चादरीवर आधीच ताणून पडलेला बोका. हा फौजदार. शिवाय काजळी, ढब्बू, पिटुकली आणि बुटकी. पाच मांजरं सांभाळायची. मालकीणबाई लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेल्या, दोन महिने येणार नाहीत. आधीची मुलगी न सांगताच निघून गेली म्हणे.

काम असं, की कुणाचं तरी पोट सारखं बिघडतं आणि कुणाचं ते कळत नाही. म्हणून प्रत्येकाच्या खाण्यात वेगळ्या रंगाचे बारीक कण मिसळायचे. ते पचत नाहीत, जसेच्या तसे बाहेर पडतात. मग ट्रेमधली विष्ठा बघून रंगावरून मांजर ओळखायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, घट्ट, मऊ की पातळ. फौजदार लाल, काजळी निळी, ढब्बू हिरवा, पिटुकली पिवळी, बुटकी केशरी. जांभळ्या कणांचीही एक बरणी आहे, अर्धी रिकामी, तिच्यावर कुणाचंच नाव नाही. ताई फोनवर शी शी करत होती. मी आठ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत. मला या गोष्टींची कसली आलीय किळस!

बाई शिस्तीच्या, पण मायाळू. माझ्यासाठी नाचणीचं पीठ, गुळाची पूड, कॉफी, सगळे डबे भरून ठेवलेत. बाहेरचं काही आणू नको, मांजरांना संसर्ग होतो, असं बजावून गेल्या. कॉफी जरा कचकच लागते. पण आयत्या कॉफीला नावं कशाला ठेवा.

४ नोव्हेंबर, बुधवार

बुटकीनं मला दत्तक घेतलंय. आखूड पायांची, जन्माची अशक्त. मी बसले की मांडीवर, उठले की पायात. तिच्यासाठी तरी ही नोकरी टिकवायची, असं ठरवून टाकलं.

पोट मात्र एकाचं नाही, पाचही जणांचं बिघडलंय. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, खाण्यात दोष नसेल तर भीती असेल, मांजर घाबरलं की आधी पोट सुटतं, घरात कुणी नवीन आलंय का? म्हटलं, मीच की! दोघंही हसलो.

धुण्याच्या खोलीत एक सहावा ट्रे आहे, बाळाच्या टबाएवढा. तोही रोज बघायचा, अशी बाईंची ताकीद आहे. अजून तरी कोरडाच आहे. मांजरं त्या दाराकडे फिरकतसुद्धा नाहीत.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

सहावा ट्रे वापरलेला. भरपूर, पातळ आणि रंगाचा एकही कण नाही. फौजदारानं बाहेर कुठे तरी ताव मारला असणार. मी त्याला चार शब्द सुनावले, त्यानं जांभई दिली.

बाईंना कळवलं. बाकीच्यांची चौकशीच नाही. सहाव्या ट्रेचंच विचारत राहिल्या. किती पातळ, किती वेळा, वास कसा. आवाजात काळजी होती, तापलेल्या लेकराच्या आईसारखी.

८ नोव्हेंबर, रविवार

पिटुकली काल दुपारपासून दिसत नाही. कपाटं, माळा, पलंगाखाली, सगळं पालथं घातलं. दारं-खिडक्या बंदच होत्या. बुटकी थरथरतेय. मला रडू आलं.

९ नोव्हेंबर, सोमवार

सहाव्या ट्रेत पिवळे कण. आधी जीव भांड्यात पडला, म्हणजे पिटुकली घरातच आहे! मग नीट पाहिलं. लॅबच्या सवयीनं चिमट्यानं उलगडून पाहिलं. तिचे पांढरे केस. आणि तिच्या गळपट्ट्याची घंटी. धुतल्यावर वाजली.

डॉक्टरांना फोटो पाठवला. म्हणाले, हे मांजराच्या पोटातून आलेलं नाही, तुम्ही त्या घरात एकट्या राहू नका. बाईंना सांगितलं तर त्या फक्त घट्ट की पातळ एवढंच विचारून थांबल्या. पातळ म्हटल्यावर हळहळल्या. पिटुकलीसाठी नाही.

११ नोव्हेंबर, बुधवार

ढब्बू गेला. ट्रेत हिरवे कण. पातळ.

धुण्याच्या खोलीला मी सोमवारीच कुलूप लावलं होतं. कुलूप जागच्या जागी आहे. किल्ली माझ्या गळ्यात आहे.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

कपाटाच्या तळाशी जुनं रजिस्टर सापडलं. शेवटचं पान आधीच्या मुलीच्या अक्षरात नाही, बाईंच्या आहे. उतरवून ठेवते:

हिरवा. पातळ. दोन दिवस कण्हत होता.
केशरी. पातळ. मांजरं सोसत नाहीत त्याला.
जांभळा. घट्ट. पोट ठरलं. यापुढे हेच द्यावं.

हिरवा, केशरी ही या पाचांच्या आधीची मांजरं असणार. जांभळा कुठल्याच मांजराचा नव्हता. तारीख पाहिली. आधीची मुलगी न सांगता गेली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

ताईला सगळं सांगितलं. या वेळी शी शी केलं नाही. उद्या सकाळी नऊला गाडी घेऊन येतेय. आजच निघाले असते, पण फौजदार आणि काजळी हाताला लागत नाहीत. या तिघांना इथे टाकून जाणं मला जमायचं नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

साडेआठ. लख्ख ऊन. काजळी नाही. फौजदार नाही. ट्रे बघायला गेले नाही — बघणार नाही.

बुटकी टोपलीत, माझ्या पायाशी. दाराला खुर्ची लावलीय. गाडीची वाट बघत कॉफी केली. उन्हात कप तिरपा केला. तळाशी गाळ. गाळात —

डबा पालथा केला. कॉफीत जांभळे कण. गुळातही. पिठातही. बारा दिवस.

बाईंचा फोन आला. मांजरांचं काहीच विचारलं नाही. कॉफी रोज घेतेस ना, म्हणाल्या.

नऊला सात कमी. बाहेर लादीवर काहीतरी ओलं ओढत येतंय. घाई नाही त्याला.

रजिस्टर जवळ आहे. जांभळ्यापुढे माझं पूर्ण नाव लिहिलं, ताईचा नंबरही. निदान कुणाला कळेल की हा रंग —

खुर्ची हलली नाही. दारही नाही. पण बुटकी टोपलीतून वर बघतेय, माझ्या मागे —