बंदरावरचा नारळ

मुंबई, फेब्रुवारी १९३४

आप्पा, तुमच्या पायांवर डोके ठेवून विमला लिहिते.

वडिलांच्या भल्यासाठी त्यांच्याच नावाने खोटे बोलावे का? मी बी.ए. झाले, पण याचे उत्तर मला येत नाही.

मी सुखरूप आहे. आईचा खोकला कसा आहे?

रत्नागिरीच्या बंदरावर माझा प्रवासाचा नारळ तुम्ही शेजारच्या हफीजाच्या हाती दिलात आणि "आज हिलाच धाडतो!" म्हणून हसलात. मीही हसले. पण तुम्हाला दिसले नव्हते, आप्पा.

शिवादादा लिहितो, वैदू सुईने तुमचा मोतीबिंदू बाजूला सारणार. तशाच सुईने काकांचा डोळा गेला. इथल्या डॉक्टरांनी तुम्हाला शिमग्यानंतर आणायला सांगितले आहे.

वैदूने येऊ नये, असा तुमच्या नावाचा निरोप मी त्याला हफीजाच्या खलाशी भावाकरवी कालच्या बोटीने धाडला आहे.

रागावलात तरी तुमचीच,
विमला