विहिरीजवळच्या काळीतली बर्ली

माघ शु. ४, शके १८६४. जुना जालना

डब्याचा तळ दिसला. अमेरिकन बर्ली तंबाखूच्या शेवटच्या चिमट्या. लढाई पेटल्यापासून मुंबईहून नवा डबा येत नाही, आणि आलाच तर आपल्यापर्यंत पोचत नाही. ढोर-दवाखान्यातून वजीफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, आल्यापासून डॉ. मिर्झांना दुसरा उद्योग नाही, आणि त्यांनी मला पाइप शिकवल्यापासून मलाही नाही. मस्तगडच्या दुकानात बसून दोघांनी तो शेवटचा डबा संपवला. मी जर्दा आणि हुक्क्याची तंबाखू विकणारा माणूस, गुळाच्या पाण्यात मुरलेला माल आयुष्यभर हाताळला. पण ही चीज निराळी. गोडी नाही, तेलकटपणा नाही. भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा कोरडा वास, आणि शेवटी जिभेवर किंचित कडू. सुंदर!!

डॉ. म्हणाले, "अब क्या पीते मियाँ, चूना?"

मी म्हणालो, हसनाबादेस वाळतेय ना आपली. ते हसले. हसू देत.

माघ शु. १०. हसनाबाद

हुरड्याला आलो हे निमित्त. खरं काम पानं बघायचं.

तिन्ही वावरांची पानं लटकलेली आहेत. विहिरीजवळची काळी (का.), माळावरची मुरमाड (मु.), नदीकाठची (न.). बी एकच, डॉ.च्या भाच्यानं मद्रासकडून धाडलेलं. जमिनी तीन. कोणत्या मातीत बर्ली कशी उतरते हे जालन्यात कोणाला ठाऊक आहे? कोणालाच नाही. मला कळणार आहे! म्हणून एका वावराचं पान एका जागी, बियाण्यासारखं. सरमिसळ होऊ द्यायची नाही. का. आईच्या खोलीत टांगलं, ती गेल्यापासून रिकामीच आहे. मु. गोठ्याच्या माळ्यावर. न. जात्याच्या खोलीत.

रंग पालटायला लागलाय. पिवळं गेलं, कोवळ्या बदामाच्या सालीसारखं तपकिरी आलं.

नाना माझ्यापेक्षा दहा वर्षांनी थोरला. शेती त्याची, दुकान माझं, अशी वाटणी वडिलांपासूनची. तंबाखूला हात लावत नाही, सुपारीसुद्धा नाही. पानांकडे बघून म्हणाला, "आपल्या बापजाद्यानं तंबाखू उन्हात वाळवली. तू तिला सोयऱ्यावानी सावलीत निजवून राह्यला."

बर्लीला ऊन चालत नाही, म्हणालो.

"चालू दे मंग. पाडव्याला बोलू. विहिरीपासलं वावर काही तुझ्या धुरासाठी न्हाई दर साली."

म्हणजे मुद्दत पाडव्यापर्यंत. पाडव्याला सालगडी ठरतो, कुठं काय पेरायचं तेही त्याच बैठकीत ठरतं. का. वर नानाला कापूस पाहिजे. पण भरवशाचं पाणी फक्त तिथंच आहे, बाकी दोन वावरांत या साली चार ओळी घागरींनी जगवल्या. का. गेली की बर्ली गेली.

माघ व. २

घाई नडली. न. चं एक पान खिशात घालून आणलं होतं, चुरून ओढलं. अर्धा पाइप झाला नाही तोच उचकी. ती थांबेना. सौ. पाणी देते, पाठ थोपटते आणि तोंडाला पदर लावून हसते. पान कच्चं आहे, गोठ्यासारखं नाकात चढतं. थांबायला हवं. मला थांबता येत नाही ही माझी जुनी खोड, हेही तिनंच सांगितलं.

माघ व. १३. हसनाबाद

उतरवली! पहाटे दंव पडलं तेव्हा पान मऊ होतं, तेवढ्यात जुड्या बांधल्या. ऊन चढल्यावर हात लावला असता तर भुगा झाला असता. वहिनी कुरकुरत का होईना, बांधायला बसली. "मह्या घरात आता भाकरीला बी तंबाकूचा वास येऊन राह्यला, भावजी." पहिल्या सालचं पीक ते केवढं, तीन छोटी पोती गाडीत. रस्ताभर पोत्यांवर हात ठेवून बसलो. गाडीवाला म्हणे, नवरी न्हेऊन राह्यले का मालक.

माघ अमावस्या

आजचा दिवस! नीट लिहितो.

डॉ. आले. तिन्ही पानं बारीक चौकोनी कातरली, डब्यातल्यासारखी. जोडीला मद्रासच्या बर्लीचं पुडकं, भाच्यानं नमुना म्हणून दिलेलं.

मद्रास: जड. घशाला लागते. धूर दाट, पण एकच सूर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जवान कुस्तीगीर, पण बोलायला गेलं तर काही नाही.

न.: हलकी. भाजणीच्या पिठाचा वास, खरंच. डॉ.ना आवडली. मला पोकळ वाटली.

मु.: कडबा. आधी वाईट वाटली, मग वाटली नाही. पावसाळ्यात सकाळी ओढायची तंबाखू.

का.: पेटवली. ऊद! खालून ऊद, वर शेंगदाणा, मध्ये काहीतरी गोड मुळ्यांसारखं, नाव सुचेना. जीभ जळत नाही, उचकी नाही. डॉ.नी पाइप काढून त्याच्याकडे पाहिलं.

"लोबान डाले क्या इसमें?"

काहीच टाकलेलं नाही. आईशप्पथ काही नाही.

"तो फिर मिट्टी का कमाल है मियाँ. बिलकुल मिट्टी का." मग लगेच म्हणाले, औरंगाबादेस त्यांचे दोस्त आहेत, सगळे पाइपवाले, सगळ्यांचे डबे रिकामे. एक बरणी त्यांना चाखवू, पुढल्या सालचा माल आधीच उठेल. मी हो म्हणून बसलो. नाही कशाला म्हणू?

फाल्गुन शु. ५

रोज का. सकाळी एक, दिवे लागताना एक. प्रत्येक वेळी आहे, तोच ऊद. काळ्या मातीत चुनखडी आहे, तिचा गुण असेल. की विहिरीच्या पाण्याचा? डॉ. म्हणतात पाण्याचा, मी म्हणतो मातीचा. दोघांचं आज भांडण झालं, दोघंही खूश.

अमेरिकेत असलं वावर नसणार.

फाल्गुन पौर्णिमा

होळी. नाना सरकीच्या कामाला जालन्यात आला, दुकानात टेकला. माझी हिंमत होईना. शेवटी का. ची बरणी उघडून पुढं धरली. "नुस्तं हुंगून बघ. वढू नको."

हुंगलं. झाकण लावून दिलं. मग पुन्हा मागितली.

"हे विहिरीपासलं का?"

हौ.

बरणी हातातच धरून बसला. गिऱ्हाईक आलं, गेलं. उठताना उपरणं झटकलं आणि म्हणाला, "घे ते वावर. कापूस मी माळावर नेतो."

एवढंच! मी सौ.ला हाक मारून मारून सांगितलं. पुरणपोळी दोनदा वाढून घेतली. बर्ली दुसऱ्या सालीही होणार, काळीतच होणार! पन्नाशीला आलेला माणूस दुकानात टाळ्या वाजवतो म्हणून शेजारचा कापडवाला डोकावून गेला.

फाल्गुन व. ४

सौ.नं बरणी पुसायला घेतली. झाकण निघालं. म्हणाली, "अगंबाई. आत्याबाईंच्या खोलीचा वास."

मी हसलो. म्हणालो, तुला काय कळतं बर्लीतलं.

"बर्लीतलं न्हाई कळत. खोलीतलं कळतं. बाराही महिने सांजच्याला तिथं तुमच्या आईंचा धूप जळायचा, गावी असताना मीच तर निखारे नेऊन द्यायची."

त्यानंतर मी हसलो नाही. जेवणही गेलं नाही.

जात्याच्या खोलीतली न., तिला पिठाचा वास. गोठ्यावरची मु., तिला कडब्याचा. गाढवा! डोळ्यांपुढं होतं सगळं.

फाल्गुन व. ५. हसनाबाद

राहवेना, आलो. नाना भोकरदनला कचेरीत गेल्ता, बरंच झालं. वहिनीला विचारलं, का. चं सगळं पान आईच्याच खोलीत होतं ना?

"दोन जुड्या मावल्या न्हाईत. म्या गोठ्यात टांगल्या, कोपऱ्यात. कामून?"

जुड्या तिथंच होत्या, उतरवताना नजरेतून सुटलेल्या. विहिरीवर बसून एक पाइप ओढला. कडबा. हुबेहूब मु. ऊदाचा मागमूस नाही.

माती नाही, पाणी नाही. बर्लीला गोडी नसते म्हणून ती कोरडी असते, आणि कोरडी असते म्हणून जे जवळ असेल ते पिऊन बसते. हाच तिचा स्वभाव! मद्रासची तिथल्या गोदामासारखी, अमेरिकेची कुठल्याशा कोठारासारखी. इतके दिवस वावरं चाखतो म्हणून मी खोल्या चाखत होतो. वाईट वाटायला हवं होतं, आणि मी एकटाच विहिरीवर हसत बसलो. असं काही कळण्यात केवढी मौज आहे! कितीतरी करून बघता येईल. वाळ्याच्या पडद्याआड टांगली तर? चंदनाच्या पेटीत? वेलदोड्याच्या पोत्याशेजारी?

मग ध्यानात आलं की नानानं वावर दिलंय ते मातीच्या भरवशावर. त्याला सांगायला पाहिजे. तो परत यायच्या आत निघून आलो.

फाल्गुन व. ६

डॉ.ना सांगितलं. खुर्चीवरून पडायचे बाकी. "यानी आपकी वालिदा का कमरा पी गए हम!" मग चष्मा पुसून म्हणाले, "माफ करना मियाँ." मग पुन्हा हसले. मीही.

नानाला सांगू का, विचारलं. "बोल देव. मगर बरनी मेरे को देव पहले. औरंगाबाद का आदमी पाडवे के बाद आता." ती बरणी गेली, लोकांना आवडली, तर गिऱ्हाईक बांधलं जाईल. तेवढी एकच बरणी आहे का. ची, खोलीतल्या का. ची. बाकी सगळी आम्हीच फुंकून टाकली.

चैत्र शु. १, शके १८६५. हसनाबाद

पाडवा. गुढी झाली, सालगडी ठरला. नानानं माझ्याकडं बोट करून त्याला बजावलं, विहिरीपासलं वावर तंबाखूचं, दत्ता सांगंल तसं. सगळ्यांपुढं. आता तोंड उघडलं नाही तर कधीच उघडणार नाही, म्हणून दाखवायला आणलेली बरणी घेऊन त्याच्या मागं ओसरीवर गेलो. सगळं सांगितलं. मातीत काही नाही नाना, वास खोलीचा आहे, पान वास पितं. वावर पाहिजे तर परत घे.

"तुला आत्ता कळलं?"

मी बरणी ओसरीवर टेकवली.

"आईच्या खोलीचा वास मला वळखू येत न्हाई का रे? तुह्या दुकानातच वळखला. म्हून तर देल्तं वावर." मग जरा थांबून म्हणाला, "मला वाटलं, साल-दरसाल टांगशील तिथं. वास येत राहील."

टांगतो ना, म्हणालो.

"पर मी काल खोलीत जाऊन आलो. तू गेल्ता का?"

नव्हतो गेलो. गेलो. दार लोटलं, खिडकी बंद, उंबऱ्यातच थांबून श्वास घेतला. नुसती तंबाखू. ऊद नाही, काही नाही. भिंतीला नाक लावून बघितलं, कोनाड्यात बघितलं. वर्षानुवर्षांचा वास दोन महिन्यांत पानांनी ओढून घेतला आणि आम्ही पानं ओढली. मी आणि डॉ., दुकानात गप्पा मारत, सकाळी एक आणि दिवे लागताना एक.

वहिनी मागून म्हणाली, ऊद काय कवाबी जाळता येतो. पण आई नुसता ऊद जाळत नव्हती. धुपात ती काय काय घालायची, कुठल्या मुळ्या, कुठला पाला, कोणी विचारलंच नाही. सौ.लाही ठाऊक नाही, तिनं फक्त निखारे नेले. मला आईची फार आठवण आली. ती गेली तेव्हाही इतकी आली नव्हती, हे खरंच लिहितो.

बाहेर आलो तर नाना बरणी मांडीवर घेऊन बसलेला.

"पेटव एक. बघू दे."

पाइप भरला. तो समोर बसला, डोळे मिटून. ज्यानं जन्मात विडी ओढली नाही तो माझा धूर आपल्याकडं हातानं ओढून घेत होता, आरती घेतात तसा. अर्ध्यावर म्हणाला, "बस. विझव." मग म्हणाला, "राहू दे ही इथं."

राहू दिली. नाही कसं म्हणणार? वावर तंबाखूलाच, असंही म्हणाला. श्रावणात रोप टाकायचं. या खेपेला मांडव घालू, मोकळ्या वाऱ्यात, बर्लीला तिचा स्वतःचा वास काय आहे तो तरी एकदा कळू दे. हे बोलताना मला पुन्हा हुरूप आला आणि त्याची लाजही वाटली.

चैत्र शु. ४. जुना जालना

औरंगाबादचा माणूस दुकानात येऊन बसला. डॉ. बरोबर. बरणी गावी राहिली, म्हणालो. "क्या मियाँ, जबान दिया मैं उनको." मुरमाडची नेऊ का, म्हणून माणसानं विचारलं. डॉ.नी मान हलवली. मु. वर कोण पुढच्या सालचा माल सांगून ठेवणार? आणि गिऱ्हाईक नाही तर काळीत लावलेली बर्ली मी कोणाला विकू? नानाचा कापूस मी आधीच माळावर घालवलाय. माणूस दोन दिवस सराईमध्ये मुक्कामाला आहे, तोवर आणा, असं ठरलं. मी हो म्हणालो.

सौ. म्हणते, निम्मी मागा. निम्मी मागणं सोपं आहे का?

दुपारी गावाकडून भाजीची गाडी आली, वहिनीचा निरोप घेऊन. सगळे ठीक. नाना सांजच्याला बरणीचं झाकण काढतात आणि लगेच लावतात, जास्त येळ उघडं ठेवत न्हाईत.

निरोप यायच्या आधीच मी गाडीवाल्याला उद्या सकाळी बरणी आणायला हसनाबादेस जायचं म्हणून सांगून ठेवलं होतं. त्याला अजून नाही म्हणून कळवलेलं नाही.